हाळी देणारी झाडं

यांगचानच्या दारातलं जर्दाळूचं झाड त्या वर्षी मार्चच्या पाच तारखेला फुललं. फुलायचं ते एप्रिलच्या मध्यावर. ओढा अजून गोठलेला होता, सकाळी गरम पाणी ओतल्याशिवाय नळाला थेंब येत नव्हता, आणि हे झाड शेंड्यापर्यंत पांढरंगुलाबी. सगळं लुंगदो गाव बघायला लोटलं. कुणी मोबाइल काढले, कुणी हात जोडले. त्या गर्दीत एकच बाई अशी होती, जी फुलांकडे न बघता वरच्या पठाराकडे बघत होती. यांगचाननं नेमकं तिलाच विचारलं, "नोमो, तू झाडांची डॉक्टर. हे असं कसं झालं?"

"हवामान बदलतंय ना, आमा-ले," प्रणिता म्हणाली. "सगळीकडे असंच चाललंय."

आता यात खोटं ते काय, असं कुणीही म्हणेल. हवामान बदलत होतंच. लुंगदोच्या डोक्यावरची हिमनदी यांगचानच्या लहानपणी घराच्या गच्चीवरून दिसायची, ती आता दोन तास चढून गेल्यावर दिसायची. पण हीच तर त्या वाक्याची सोय होती. २०३८ साली कुठं काही बिघडलं की हवामानाच्या नावानं खडे फोडायचे आणि मोकळं व्हायचं, पुढं कुणी खोदून विचारत नसे. यांगचाननंही विचारलं नाही. आठ दिवसांनी कडाक्याचं हिव पडलं, फुलं तपकिरी होऊन गळाली आणि त्या वर्षी झाडाला एकही जर्दाळू धरला नाही.

प्रणिता बोरस्ते मूळची ओझरची, नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातली. वय त्रेचाळीस, लग्न झालं नाही, आणि करायचं राहून गेलं असं ती स्वतःच हसत सांगायची. लडाखमधल्या या लहानशा गावात शीतवन प्रकल्पाची शास्त्रज्ञ म्हणून ती आली आणि यांगचानच्या घराची वरची खोली भाड्यानं घेऊन राहिली. यांगचान साठीची, विधवा. तिची मुलगी डोल्कर लेहला नोकरीला. घरात दोन बायका, एक मांजर आणि दारात ते झाड. दोघींची भाषा म्हणजे अर्धी हिंदी, थोडी लडाखी आणि उरलेलं हातवारे. नोमो म्हणजे धाकटी बहीण आणि आमा-ले म्हणजे आईसाहेब, असं हे नातं वर्षभरात आपोआप ठरून गेलं होतं.

प्रणितानं तिथं काय केलं होतं, ते समजायला आधी ओझरला जायला हवं.

झाड हिवाळ्यात झोपतं म्हणजे नेमकं काय करतं? थंडी लागली की ते आपल्या कळ्यांमधल्या, शेतकरी ज्यांना डोळे म्हणतात त्यांच्यातल्या, पेशीपेशींतल्या बारीक वाटा बुजवून टाकतं. सुतार लाकडातली भोकं लांबी भरून बुजवतो तसं. मग आतल्या कोंबाला बाहेरचा निरोप पोचत नाही, अन्न पोचत नाही, त्याची वाढ थांबते. आणि झाड मोजत बसतं. किती तास थंडी पडली, त्याचा हिशेब डोळ्यांत साठत जातो. हजार तास म्हणा, बाराशे म्हणा, ज्या त्या जातीचा आकडा ठरलेला. तो भरला आणि वर हवेत ऊब आली, की लांबी विरघळते आणि डोळा फुटतो. त्याआधी चार दिवस खोटं ऊन पडलं तरी झाड फसत नाही.

ओझरच्या द्राक्षवेलीला मात्र ही थंडी कधी मिळतच नाही. ती ना धड झोपते ना धड जागी होते. म्हणून तिथले बागाईतदार ऑक्टोबरात छाटणी करतात आणि मग काडीवरच्या एकेका डोळ्याला पेस्ट लावतात. जहाल औषध. हातमोजे घालायचे, तोंडाला फडकं बांधायचं आणि बोळ्यानं डोळा न् डोळा पुसत जायचं. आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात, पोंगे निघतात. प्रणिता सात वर्षांची असल्यापासून हे बघत आली होती. तिचे वडील, नाना, पेस्ट लावण्यात पट्टीचे. "वेलीला चिमटा काढायचा," ते म्हणायचे. "जीवावर बेतलंय असं तिला वाटलं पाहिजे. मग उठती बरोबर."

अशा घरातली पोर लडाखला गेली, आणि तिनं सहा-सहा महिने झोपलेली झाडं पाहिली. तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल? वेळ वाया चाललाय, असं वाटलं. दुसरं काही वाटलंच नाही.

प्रकल्पाला हवी होती जळणासाठी लाकडं, भरपूर आणि दर चार वर्षांनी. तिथलं देशी विलो पंधरा वर्षांत मनगटाएवढं होतं. म्हणून सैबेरियातल्या आणि कॅनडातल्या पॉप्लरांचा संकर करून एक झाड तयार केलेलं होतं. त्याचा रस उणे वीसलाही गोठत नसे. पण झोपायचं तेही मेपर्यंत. प्रणितानं त्याला उठवलं. ओझरसारखी डोळ्याडोळ्याला पेस्ट लावायची तर अख्खा जिल्हा मजुरीला लावावा लागला असता. तिनं वेगळीच युक्ती केली. चिमटा बसलेलं झाड एक वायू सोडतं, धोक्याची सूचना म्हणून. सगळीच झाडं असं काही ना काही सोडतात. तिनं या पॉप्लरमध्ये तो वायू शंभरपट वाढवला आणि त्याला डोळ्यांतली लांबी विरघळवायचं काम दिलं. आता ओळीतल्या एका झाडाला पेस्ट लावली की ते वायू सोडायचं, शेजारचं जागं व्हायचं, तेही वायू सोडायचं, आणि पाच दिवसांत पठारावरची चौदाशे एकर झाडं जागी. शेताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाच्या माणसाला हाळी द्यावी तसं. म्हणून तिनं त्याला नाव ठेवलं हाळीवायू. वास कच्च्या कैरीची साल काढल्यासारखा.

फेब्रुवारीच्या वीस तारखेला हाळी दिली की झाडांना वाढीचे दहा आठवडे जास्त मिळत. चार वर्षांत खोडं मांडीएवढी झाली, आणि झाडं वाढली तसा त्यांचा वायूही वाढत गेला. प्रणितानं नानांना फोन करून सांगितलं.

"एकाला लावलं की समदी उठत्यात?"

"सगळी, नाना."

"आणि नको तेव्हा उठली म्हंजे?"

"आपण पेस्ट लावल्याशिवाय नाही उठत."

"बरं," नाना म्हणाले. "जेवली का?"

लाकडाच्या चिपा करून त्या गावाखालच्या ऊबघरात जाळत. तिथल्या बॉयलरचं गरम पाणी पाइपांतून दवाखान्यात, शाळेत आणि नव्वद घरांत फिरे. हे काही दिखाऊ काम नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात पाइप गरम झाला तेव्हा यांगचान त्याला दोन्ही हातांनी धरून बसून राहिली आणि मग तिनं प्रणिताला एक गोष्ट सांगितली. तिची पहिली मुलगी जानेवारीत जन्मली होती, याच घरात. शेणी संपल्या, म्हणून नवऱ्यानं शिडी तोडून जाळली, दाराची फळी जाळली. मुलगी अकरा दिवस जगली. "तेव्हा हे असतं तर," एवढंच ती पाइपवरून हात फिरवत म्हणाली. दुसऱ्या हिवाळ्यात डोल्कर बाळंतपणाला आली. बाहेर उणे चोवीस असताना दवाखान्याच्या गरम खोलीत नातू झाला. यांगचाननं त्याच्या टाळूला जर्दाळूच्या बियांचं तेल लावलं आणि थोडं प्रणिताच्या केसांनाही चोळलं. "हा तुझाही आहे," ती म्हणाली.

तेल त्याच दारातल्या झाडाचं. पांढऱ्या बियांच्या गोड जर्दाळूचं ते झाड यांगचानच्या आजेसासूनं लावलेलं, नव्वद वर्षांचं. गावातली बाकीची झाडं त्याच्याच फांद्यांची कलमं. पण ती कलमं खाली नदीकाठी होती, आणि हे झाड सर्वांत वर, पठाराच्या पायथ्याशी.

तर अशा घरात राहून प्रणितानं ते हवामानाचं वाक्य उच्चारलं होतं.

दुसऱ्या वर्षी तिनं निदान तपास तरी केला. झाडापाशी एक यंत्र लावलं, हवेतला हाळीवायू मोजणारं. कागदावर तिचं गणित चोख होतं: वायू पन्नास मीटरच्या आत विरून जातो. ओझरच्या शिवारात, चाळीस अंशांच्या वाऱ्यात तिनं ते तपासलं होतं. पण लडाखच्या दरीत हिवाळ्यात वारा पडतो, जड थंड हवा उतारावरून घरंगळत तळाशी येते आणि वरून उबदार हवेचं झाकण बसतं. त्या झाकणाखाली काही विरत नाही. यंत्राच्या आकड्यानं तिचं गणित खोटं पाडलं. हाळी रोज पहाटे पठारावरून उतरून यांगचानच्या दारात येऊन उभी राहत होती; खाली नदीकाठच्या मोकळ्यात मात्र ती पांगत होती. जर्दाळू ती ऐकत होतं. त्या वर्षी ते मार्चच्या दोन तारखेला फुललं आणि दहा तारखेला फुलं जळाली.

तिनं प्रकल्पाचे संचालक डॉ. मिरीकर यांना लेहला फोन लावला. मिरीकर नगरचे, कामाला वाघ, माणूस वाईट नव्हे.

"तुम्ही देशी झाडांवर चाचणी केली होती ना?" त्यांनी विचारलं.

"विलोवर केली, जुनिपरवर केली. त्यांना ही हाळी लागत नाही. जर्दाळूवर नाही केली."

"का नाही?"

"यादीत नव्हतं. जर्दाळू म्हणजे फळबाग, आपण वन."

"मग प्रश्न मिटला. फळबागेचं ते फळबागवाले बघतील," मिरीकर म्हणाले. "हे बघा प्रणिताताई, एका झाडामागे नव्वद घरं गरम आहेत. आणि पुढच्या वर्षी आपण अकरा खोऱ्यांत जातोय. रोपं निघालीसुद्धा. आता लेखी काही पाठवू नका, एवढं ऐका."

तिनं पाठवलं नाही. यांगचानलाही सांगितलं नाही. सांगायला ती दोनदा जिना उतरली, हे खरं. एकदा यांगचान नातवाशी फोनवर बोलत होती. एकदा तिनं चहा पुढं केला, प्रणितानं तो घेतला आणि गप्पा दुसरीकडेच गेल्या. धीर होत नव्हता, दुसरं काही नाही. तिसऱ्या वर्षी फुलं फेब्रुवारी संपायच्या आतच आली, ती निम्म्या आकाराची होती.

त्या ऑक्टोबरात, पानं गळून गेल्यावर, यांगचान बाजाराला गेलेली असताना प्रणितानं झाडाची एक डहाळी कापली. आडवा काप घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब सोडला. शाळेत बटाट्यावर करतात तोच प्रयोग: अन्न साठलेलं असेल तर काप निळाकाळा होतो. झाड उन्हाळाभर कमावून हे अन्न लाकडात साठवतं आणि वसंतात त्याच्याच बळावर उठतं. उठलं, फुलं जळाली, पुन्हा पालवी फोडली, ती जळाली, पुन्हा फोडली. तीन वर्षं झाड शिल्लक खात होतं. काप पिवळाच राहिला. एका कडेला तेवढी अंगठ्याच्या नखाएवढी निळी झाक.

तिला कळायचं ते कळलं. आणखी एकदा हे झाड अवेळी उठलं, तर परत उभं राहणार नाही. एक हिवाळा नीट झोपू दिलं, तर कदाचित वाचेल.

त्या संध्याकाळी तिनं नानांना फोन केला आणि सगळं सांगितलं. घरच्या माणसाला सांगणं सोपं असतं.

"आपली बाग किती वर्षं टिकती गं?" नानांनी विचारलं.

"पंधरा."

"मग काढतो आणि नवी लावतो. कुणाला काही वाटत नाही. तिकडं परदेशात म्हणं शंभर-शंभर वर्षांच्या वेली हायेत. माझ्या मनात लई वेळा आलं, त्या का टिकत्यात. त्यांना कुणी चिमटे काढत नाही म्हणून टिकत्यात. आपण वर्षाला दोनदा छाटतो, उठवतो, पिळून घेतो. पंधरा वर्षांत म्हातारी. मी तुला पेस्ट लावायला शिकवलं, प्रणू, हे नाही शिकवलं. मलाच उशिरा कळलं."

"मी काय करू, नाना?"

"त्या बाईला सांग."

"सांगते," ती म्हणाली. आणि तिनं दुसरंच केलं.

तिनं ठरवलं की या वर्षी हाळीच द्यायची नाही. झाड झोपेल, एप्रिलात फुलेल, सगळं परत जागच्या जागी येईल आणि कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही. तिनं मिरीकरांना कळवलं की पॉप्लरमध्ये खोडकिडीची लक्षणं दिसताहेत, उठवलं तर कीड फैलावेल. कीड वगैरे काही नव्हती. एका खोट्याला झाकायला दुसरं काढलं. मिरीकर चडफडले, पण मान्य केलं. "म्हणजे कीड लागलेली झाडं मार्चात तोडायचीही नाहीत. पुढच्या हिवाळ्यात लाकूड निम्मं," ते म्हणाले. "दवाखाना आणि शाळा चालवू. घरांचे पाइप डिसेंबरात बंद करावे लागतील. लोकांना तुम्ही सांगा." तेही तिनं सांगितलं नाही. पुढचं पुढं, असं म्हणून ती झाडाकडे बघत राहिली.

हाळी द्यायची नाही म्हटल्यावर झारखंडहून दरवर्षी येणारे मजूर बोलावले नाहीत. पेस्ट लावायच्या आधी आठ दिवस ते पठाराभोवतीचं तारेचं कुंपण नीट करत. ते या वर्षी झालं नाही. जानेवारीच्या बर्फात वरच्या अंगाला एक खांब आडवा झाला होता, कुणी पाहिला नाही.

फेब्रुवारीच्या चोवीस तारखेला सकाळी प्रणिता गच्चीवर आली आणि तिला कच्च्या कैरीचा वास आला.

तिला आधी वाटलं भास झाला. मग ती जिन्यावरून उतरली, बूट नीट न बांधताच पठाराची चढण चढू लागली, आणि दम लागून थांबली तिथंही वास होताच. वरच्या कुंपणाशी पोचली तेव्हा बर्फावर खुरांचे ठसे दिसले. डोंगरातल्या आयबेक्सचा, म्हणजे रानबकऱ्यांचा, भुकेला कळप खाली उतरला होता. पहिल्या ओळीतल्या वीस-पंचवीस झाडांच्या साली कंबरेएवढ्या उंचीपर्यंत सोललेल्या होत्या. पेस्ट म्हणजे तरी काय, चिमटाच. दातांनी काढलेला चिमटा झाडाला वेगळा कळत नव्हता. पहिल्या ओळीचे डोळे फुगले होते, दुसरीचे, तिसरीचे. ती ओळीमागून ओळ बघत धावत गेली. विसाव्या ओळीतही डोळे ओलसर आणि टपोरे होते.

नानांनी विचारलं होतं, नको तेव्हा उठली म्हणजे? त्यांना तिनं काय उत्तर दिलं होतं, ते तिला त्या बर्फात उभं राहून शब्दन्शब्द आठवलं.

करण्यासारखं काही नव्हतं. चौदाशे एकर झाडांची तोंडं कशी दाबणार? ती खाली आली. त्या दुपारी तिनं यांगचानच्या झाडाला प्लास्टिकचा तंबू बांधायचा प्रयत्न केला. दोन शिड्या, दोऱ्या, ताडपत्री. यांगचान दारात उभी राहून बघत होती.

"काय करतेस, नोमो?"

"थंडी लागू नये म्हणून."

"नव्वद वर्षं लागली नाही ती?"

प्रणितानं शिडी पुढच्या फांदीकडे सरकवली. ताडपत्री तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं फाटली. मार्चच्या एक तारखेला झाड उठलं. फक्त वरच्या चार फांद्यांवर, विरळ, कागदासारखी पातळ फुलं. आठवड्याभरात ती गेली. मग एप्रिल आला, मे आला, खालची नदीकाठची कलमं हिरवी झाली, आणि या झाडाला एक पान आलं नाही. सालीला उभ्या भेगा पडल्या, त्यांतून काळसर डिंक ओघळला.

मेच्या शेवटी एका सकाळी यांगचान चुलीपाशी बसून दगडानं जर्दाळूच्या बिया फोडत होती. चार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या पिकाच्या बिया, जपून वापरलेल्या. प्रणिता समोर बसली आणि या वेळी सगळं बोलली. पेस्ट, हाळी, दरीतलं झाकण, पहिल्या वर्षीचं हवामानाचं वाक्य, मिरीकरांचा फोन, पिवळा काप, खोडकीड, आयबेक्स. बोलायला जेमतेम दहा मिनिटं लागली. चार वर्षं जे जिना उतरत नव्हतं ते दहा मिनिटांत संपलं.

यांगचानचा हात थांबला नव्हता. ती एकेक बी फोडत होती, गर एका वाडग्यात, कवच दुसऱ्यात.

"म्हणजे पहिल्या वर्षी तुला ठाऊक होतं."

"शंका होती. दुसऱ्या वर्षी खात्री झाली."

"आणि या हिवाळ्यात घरं थंड राहणार आहेत."

"हो. मार्चातली तोड चुकली, आता तोडलेलं लाकूड हिवाळ्यापर्यंत वाळणार नाही."

"तेही तूच ठरवलंस. झाडासाठी."

"तुमच्यासाठी, आमा-ले."

आता मात्र यांगचाननं दगड खाली ठेवला. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे ऐकणं आणखी जड गेलं. "माझ्यासाठी काय ते मला विचारायचं असतं. तू पहिल्या वर्षी येऊन म्हणाली असतीस, आमा-ले, दवाखाना गरम ठेवायचा तर हे झाड जाईल, तर मी काय केलं असतं? माझी पोर थंडीनं गेली. मी स्वतः कुऱ्हाड आणून दिली असती. गावानं दिली असती. रडले असते, पण दिलं असतं. तू मागितलं असतंस तर ते दान झालं असतं. तू न विचारता नेलंस. मग न विचारता परत द्यायला निघालीस, आणि गावाचा एक हिवाळा नेलास. दोन्ही वेळा मी इथंच, खालच्या खोलीत होते."

प्रणिता रडायला लागली. यांगचाननं तिला जवळ घेतलं नाही आणि हाकललंही नाही. तिनं दगड उचलला आणि पुढची बी फोडली.

झाड ऑक्टोबरात तोडलं. यांगचानच्या दोन पुतण्यांनी करवत चालवली. लाकूड आतून तांबूस आणि घट्ट होतं, करवतीचं पातं दोनदा बदलावं लागलं. वाळलेलं लाकूड घरच्या चुलीला हिवाळाभर पुरलं असतं, पण यांगचाननं ते घरात घेऊ दिलं नाही. "याचे जर्दाळू सगळ्यांनी खाल्ले," ती म्हणाली. "ऊबघरात द्या." पुतण्यांनी ओंडके गाडीत भरले. ते प्रणिताशी बोलत नसत आता, गावातलं कुणीच फारसं बोलत नसे. जाता-येता नमस्काराचं जुले म्हणायचे, तेवढंच.

डिसेंबरच्या पाच तारखेला घरांचे पाइप बंद व्हायचे होते. त्या दिवशी दुपारी ऊबघरात जर्दाळूच्या चिपा शेवटच्या म्हणून टाकल्या. प्रणिता बॉयलरपाशी उभी होती. काम करणाऱ्या माणसानं घड्याळ लावलं होतं, ते त्याला नेहमीच लावावं लागे. चिपा संपल्यावर त्यानं वहीत बघून सांगितलं, "पस्तीस मिनिटं, मॅडम. चांगलं लाकूड होतं."

ती घरी आली तेव्हा वरच्या खोलीतला पाइप अजून गरम होता. बॅग भरून ठेवलेली होती. प्रकल्पानं तिची बदली केली होती, आणि गावानं त्याबद्दल हळहळ व्यक्त केली नव्हती. लेहहून एक पत्र आलेलं टेबलावर पडलं होतं. तिनं उन्हाळ्यातच सगळं लेखी कळवलं होतं, उशिरा का होईना. पत्रात तिच्या अहवालाबद्दल आभार होते, जर्दाळूचा विषय संबंधित खात्याकडे पाठवल्याचं होतं, आणि अकराही खोऱ्यांत रोपं उत्तम रुजल्याचं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. यांगचान वर आली. इतक्या वर्षांत ती या खोलीत क्वचितच आली होती. तिनं एक लहान कापडी पुरचुंडी प्रणिताच्या हातात ठेवली. आत जर्दाळूच्या न फोडलेल्या बिया होत्या, बावीस-तेवीस असतील.

"शेवटच्या," यांगचान म्हणाली. "खालची कलमंही आता लवकर फुलायला लागलीत. इथं लावून उपयोग नाही. तू ने आणि जिथं तुझी झाडं नाहीत तिथं लाव."

प्रणितानं पुरचुंडीची गाठ पुन्हा बांधली. एकेका खोऱ्याचं नाव तिच्या मनात येत होतं आणि पत्रातल्या यादीत सापडत होतं. जर्दाळूला हवी तेवढी थंडी जिथं पडते, ती तिला ठाऊक असलेली प्रत्येक जागा तिच्याच शोधानं आधी गाठली होती. उरलं होतं ओझर, आणि तिथं झाडांना झोपच लागत नाही.

"कुठं लावशील?" यांगचाननं विचारलं.

काहीतरी बरं वाटेलसं बोलता आलं असतं. तिला ते जमत होतं.

"ठाऊक नाही, आमा-ले," ती म्हणाली.

यांगचाननं मान हलवली. या उत्तरावर तिचा विश्वास बसलेला दिसला. तिनं पाइपावर हात ठेवला आणि तो पूर्ण गार होईपर्यंत तशीच उभी राहिली. मग ती खाली गेली, कारण अंधार पडायच्या आत तिला शेणी आणायच्या होत्या.